लॅपटॉपची झोंप

रात्रीं निजण्यापूर्वीं लॅपटॉपचें झाकण मिटावें, त्या वेळीं बॅटरी शेंकडा ऐंशीं असावी, आणि सकाळीं उघडून पाहावें तों ती चाळिसाच्या खालीं उतरलेली असावी, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. बहुतेक लोक ‘बॅटरी जुनी झाली’ असें म्हणून तो विषय तेथेंच सोडतात. आम्हीही तसेंच केलें असतें. परंतु आमच्या घरीं या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीवरून एका मुलाच्या खरेपणाविषयीं संशय उत्पन्न झाला, आणि मग या प्रकरणाच्या मुळाशीं जाणें आम्हांस भाग पडलें. त्या शोधांत जें कळलें तें इतरांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमचा पुतण्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षास आहे. त्याच्यासाठीं नवा लॅपटॉप घेतला तेव्हां घरांत असा नियम ठरला कीं, रात्रीं साडेदहा वाजतां यंत्र मिटून दिवाणखान्यांतील मेजावर ठेवावयाचें आणि सकाळीं सातनंतर उचलावयाचें. एके दिवशीं सकाळीं आठ वाजतां त्याची ऑनलाइन परीक्षा होती. ऐन प्रश्नपत्रिका उघडावयाच्या वेळीं बॅटरी संपून पडदा काळा झाला. वायर शोधून ती लावण्यांत, यंत्र पुन्हां चालू होण्यांत आणि परीक्षेच्या दारांतून पुन्हां आंत शिरण्यांत बारा मिनिटें गेलीं. “रात्रीं निम्मी बॅटरी होती,” असें तो सांगत होता. आमचे वडील, ज्यांस घरांत सर्वजण अण्णा म्हणतात, त्यांनीं शांतपणें विचारलें, “मिटलेलें यंत्र रात्रभरांत निम्मी बॅटरी खातें कसें? तूं उठून सिनेमा पाहिलास, असें सरळ कां सांगत नाहींस?” “आजोबा, मीं हात लावला नाहीं,” एवढेंच तो बोलला. कोणी आवाज चढविला नाहीं. पण त्या दिवसापासून लॅपटॉप रात्रीं अण्णांच्या कपाटांत जाऊं लागला, आणि किल्ली त्यांच्या उशाखालीं. मुलगा जेवतांना बोलेनासा झाला.

चौथ्या दिवशीं सकाळीं अण्णांनीं स्वतः कपाट उघडलें. लॅपटॉप हातास किंचित् कोमट लागला, आणि रात्रीं शेंकडा ८३ असलेली बॅटरी ३७ वर आली होती. अण्णांनीं आम्हांस हाक मारली. त्यांची सारी हयात न्यायखात्यांत गेलेली. तेव्हां त्यांची अडचण त्यांनीं त्याच भाषेंत मांडली. यंत्र आपोआप बॅटरी खाऊं शकतें हें सिद्ध झालें. परंतु कपाटांतील रात्रींचा पुरावा कपाटाबाहेरच्या रात्रींस लागू पडत नाहीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं काय घडलें, हें कोण सांगणार?

तें यंत्रच सांगूं शकतें, हें आम्हांस त्या वेळीं ठाऊक नव्हतें. तेथपर्यंत जाण्यापूर्वीं लॅपटॉपची झोंप म्हणजे काय, हें थोडें समजून घेतलें पाहिजे.

या झोंपेचे प्रकार कागदोपत्रीं ठरलेले आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या तीन कंपन्यांनीं मिळून १९९६ च्या डिसेंबरांत ‘एसीपीआय’ नांवाचें एक नियमपत्रक प्रसिद्ध केलें. त्यांत यंत्राच्या अवस्थांना एस-शून्यापासून एस-पांचपर्यंत क्रमांक दिलेले आहेत. एस-शून्य म्हणजे पूर्ण जागृति. एस-पांच म्हणजे बंद. मधल्यांपैकीं एस-तीन आणि एस-चार या दोहोंशींच आपलें काम आहे.

संगणक काम करीत असतां ज्या स्मृतींत सर्व मजकूर ठेवितो, जिला रॅम म्हणतात, ती विलक्षण विसराळू आहे. तिच्या प्रत्येक घरांत विजेचा अत्यल्प सांठा असतो आणि तो सतत झिरपून जातो. म्हणून सर्व घरें सामान्यतः ६४ मिलिसेकंदांच्या आंत, म्हणजे सेकंदांत पंधरा-सोळा वेळां, पुन्हां भरावीं लागतात. आयबीएम कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड यांनीं ही रचना शोधिली व तिचें पेटंट १९६८ सालीं मिळालें. इतकी गळकी भांडीं वापरून जगाचा कारभार चालला आहे, हें पाहून आम्हांस प्रथम हसूं आलें. पण तीं भांडीं स्वस्त व लहान असल्यामुळेंच कोट्यवधींनीं एका लहानशा तुकड्यावर मावतात. एस-तीन या अवस्थेंत प्रोसेसर, पडदा, डिस्क हें सर्व विझतें, आणि ही स्मृति तेवढी भरती ठेविली जाते. देवघरांतील नंदादीपासारखाच हा प्रकार आहे. घरभर अंधार असतो, एक वात तेवत असते, आणि तिला तेल लागतें. पण रात्रभरांत लागून लागून किती लागणार? जुन्या लॅपटॉपांची झोंप ही अशी होती.

एस-चार, म्हणजे ज्यास हायबरनेट म्हणतात, तो प्रकार याहून निश्चिंत आहे. स्मृतींतील सर्व मजकूर डिस्कवर उतरून घ्यावयाचा आणि यंत्र बंद करावयाचें. वात विझविली तरी हरकत नाहीं, कारण सर्व कांहीं वहींत लिहिलेलें आहे. सकाळीं बटण दाबलें म्हणजे वही वाचून यंत्र जेथें होतें तेथेंच पुन्हां उभें राहतें. अर्थात् वाचावयास थोडा वेळ लागतो.

मग बिघडलें कोठें? बिघडलें तें स्मार्ट फोनाच्या अनुकरणानें, असें आमचें मत आहे. फोन खिशांत असतांही निरोप घेतो आणि हातांत घेतांच उजळतो. लॅपटॉपनें तसें कां करूं नये, असा विचार निघाला. २०१२ सालीं विंडोज ८ बरोबर ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आणि २०१५ सालीं विंडोज १० बरोबर त्याचेंच विस्तारलेलें रूप ‘मॉडर्न स्टँडबाय’ प्रचारांत आलें. यांत यंत्र एस-शून्य ही अवस्था सोडीतच नाहीं. पडदा विझतो, बहुतेक भाग अगदीं मंद होतात, पण कायद्यानें तें जागेंच असतें. मधून मधून उठून टपाल पाहतें, नव्या सुधारणा उतरून घेतें आणि पुन्हां डोळा लावतें. ही झोंप नव्हे, रात्रीच्या गुरख्याची डुलकी आहे. गुरखा शहाणा असेल तर तासांतून एकदां फेरी मारून बसून राहतो. पण आळींतील एखादें कुत्रें रात्रभर भुंकत राहिलें तर तोही रात्रभर उभाच. यंत्रांतील एखादा जुना ड्रायव्हर किंवा एखादा आगंतुक प्रोग्रॅम हें कुत्र्याचें काम करितो. सर्व भाग नीट वागले तर या पद्धतींतही रात्रींत थोडीच बॅटरी जाते, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण एका भागानें दगा दिला कीं सर्व हिशेब बिघडतो, आणि बाहेरून पाहणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं. शिवाय अलीकडील पुष्कळ लॅपटॉपांत एस-तीनची सोयच ठेविलेली नसते. जुनी गाढ झोंप मागूं गेलें तरी मिळत नाहीं.

आपल्या यंत्रांत कोणती झोंप आहे हें पाहणें सोपें आहे. विंडोजमध्यें कमांड प्रॉम्प्ट उघडावा, आणि तोही ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ असा उघडावा, म्हणजे पुढील सर्व आज्ञा चालतात. तेथें ‘पॉवरसीएफजी’ हा शब्द रोमन लिपींत सलग लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ व तिला लागून ‘ए’ हें अक्षर लिहावें. उत्तरांत ‘स्टँडबाय एस-थ्री’ उपलब्ध म्हणून आलें तर जुनी झोंप; ‘एस-झिरो लो पॉवर आयडल’ आलें तर नवी. आमच्या पुतण्याच्या लॅपटॉपनें दुसरें उत्तर दिलें.

याच शब्दापुढें तिरकी रेघ देऊन ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहिलें असतां बॅटरीची जन्मपत्रिका मिळते. नवी असतांना ती ५० वॅट-तासांची होती, आतां पूर्ण भरली तरी ४२ वॅट-तास धरते, असें तींत दिसलें. त्यावरून त्रैराशिक मांडतां येतें. कपाटांतील रात्रीं ८३ वरून ३७, म्हणजे शेंकडा ४६ गेली. ४२ चे शेंकडा ४६ म्हणजे सुमारें १९ वॅट-तास. रात्र साडेआठ तासांची. म्हणजे निजलेला म्हणविणारा हा लॅपटॉप तासामागून तास सव्वादोन वॅट वीज पीत होता. हेंच यंत्र अर्ध्या वॅटवर राहिलें असतें तर सकाळपर्यंत जेमतेम शेंकडा १० गेली असती. अण्णांनीं हा हिशेब कागदावर पुन्हां करून पाहिला व बरोबर आहे म्हणून सांगितलें; पण त्यांचा मूळ प्रश्न तसाच उभा होता.

त्याचें उत्तर तिसऱ्या आज्ञेनें दिलें. पॉवरसीएफजीपुढें तिरकी रेघ देऊन ‘स्लीपस्टडी’ असें लिहावें, आणि अधिक दिवसांची माहिती हवी असल्यास आणखी एक तिरकी रेघ, ‘ड्युरेशन’ हा शब्द व दिवसांचा आकडा जोडावा. यंत्र एक अहवाल तयार करून देतें. तो ब्राउझरमध्यें उघडतो, आणि त्यांत यंत्र केव्हां निजलें, केव्हां उठलें, किती वेळ पडदा चालू होता, त्या अवधींत किती बॅटरी गेली, ही नोंद ओळीनें दिलेली असते. आम्हीं चौदा दिवसांचा अहवाल काढिला आणि अण्णांच्या पुढें ठेविला.

परीक्षेच्या आदल्या रात्रीची ओळ स्पष्ट होती. रात्रीं १० वाजून ३१ मिनिटांनीं यंत्र निजलें; सकाळीं ७ वाजून ८ मिनिटांनीं उठलें; मधल्या ८ तास ३७ मिनिटांत पडदा एकदांही उजळला नाहीं; बॅटरी शेंकडा ५२ वरून ६ वर आली. पुन्हां शेंकडा ४६, कपाटांतील रात्रीइतकीच. अण्णांनीं बाकीच्या रात्रीही एकेक करून तपासल्या. एका शनिवारीं मात्र ११ वाजून ५० मिनिटांपासून १ वाजून १० मिनिटांपर्यंत पडदा चालू असल्याची नोंद सांपडली. त्यांनीं चष्म्यावरून मुलाकडे पाहिलें. तो म्हणाला, “तो मीच होतों, आजोबा. त्या दिवशीं सामना होता. पण बाबाही माझ्या शेजारीं बसले होते.” आमच्या बंधूंनीं त्याच क्षणीं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलें.

अण्णांनीं अहवाल खालीं ठेविला आणि मुलास जवळ बोलाविलें. “तुझी साक्ष खरी होती. मीं पुरावा न पाहतां निकाल दिला, हें चुकलें,” असें ते म्हणाले. पंचेचाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून असें वाक्य आम्हीं ऐकिलें नव्हतें. मुलगा गोंधळून “असूं द्या, आजोबा,” इतकेंच म्हणाला. त्या रात्रीं जेवतांना मात्र तो बोलत होता.

त्याच अहवालांत प्रत्येक रात्रीच्या ओळीवर दाबलें असतां अपराध्यांची यादीही उघडते. आमच्या प्रकरणीं पहिला क्रमांक वाय-फायच्या ड्रायव्हरचा होता. त्याच्या मागोमाग लॅपटॉप बनविणाऱ्यानें स्वतःच भरून दिलेला एक ‘साहाय्यक’ प्रोग्रॅम होता. या दोघांमुळें रात्रीच्या वेळाचा पांचवा हिस्साही यंत्र खऱ्या मंद अवस्थेंत नव्हतें. आम्हीं लॅपटॉप बनविणाऱ्याच्या संकेतस्थळावरून वाय-फायचा नवा ड्रायव्हर घेतला आणि तो साहाय्यक काढून टाकिला. एवढ्यानें रात्रीचा खर्च शेंकडा १५ वर आला. पुष्कळांचें काम इतक्यानें भागेल. परंतु अशा दुरुस्तीचा भरंवसा नाहीं. पुढच्या सुधारणेबरोबर नवें कुत्रें येऊन भुंकूं लागणार नाहीं, याची हमी कोण देणार? म्हणून रात्रीपुरती तरी डुलकी नको, एस-चारच हवें, असा निर्णय आम्हीं घेतला, आणि आमच्या मतें खरा उपाय हाच आहे.

तो असा करावा. कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडावें. तेथें डाव्या बाजूस झाकण मिटल्यावर काय करावें हें ठरविण्याचा दुवा आहे. त्यांत दोन रकाने दिसतात, एक बॅटरीवर असतांनाचा व दुसरा वायर लावलेली असतांनाचा. झाकणाच्या ओळींत ‘स्लीप’ च्या जागीं ‘हायबरनेट’ निवडून खालील ‘सेव्ह चेंजेस’ हें बटण दाबावें. यादींत हायबरनेट दिसतच नसेल तर पॉवरसीएफजीपुढें तिरकी रेघ, ‘हायबरनेट’ आणि एक जागा सोडून ‘ऑन’ अशी आज्ञा एकदां द्यावी. येथें एक खोंच आहे. पुष्कळ लोक बॅटरीच्या रकान्यांत हायबरनेट ठेवितात आणि वायरीच्या रकान्यांत स्लीपच राहूं देतात. मग वायर लावलेली असतांना झाकण मिटतात व नंतर वायर काढून घेतात. झाकण मिटतेवेळीं मिळालेली आज्ञा स्लीपची असते, म्हणून यंत्र त्या डुलकींतच राहतें आणि सकाळीं पुन्हां तीच रड. आम्हीं दोन्ही रकान्यांत हायबरनेटच ठेविलें आहे.

दिवसां घटकेघटकेस उघडमीट करणाऱ्यास हें गैरसोयीचें होतें, अशी पुतण्याची तक्रार आली, आणि ती खरी होती. झोंपेंतून उठावयास दोन सेकंद लागत, हायबरनेटमधून उठावयास आमच्या यंत्रास वीस लागतात. ज्यांस हें सोसवत नाहीं त्यांनीं झाकणास स्लीपच ठेवावें आणि ठराविक वेळानंतर आपोआप हायबरनेट होण्याची मुदत एक तासाची ठेवावी. ही मुदत विंडोजच्या आवृत्तीप्रमाणें सेटिंग्जमध्यें किंवा पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत भागांत सांपडते. रोज इतका मजकूर लिहिल्यानें डिस्क झिजेल, ही भीति आमच्या बंधूंनीं काढिली. रोज पांच गिगाबाइट लिहिले असें धरलें तरी वर्षाचे दोन टेराबाइट होत नाहींत, आणि आजच्या साधारण डिस्कची लेखनमर्यादा शेंकडों टेराबाइटांची असते. उलट बॅटरीची झीज पाहा. रात्रीं शेंकडा ४६ वायां जाणें आणि दिवसां तेवढीच पुन्हां भरणें, यांत वर्षाकांठीं भरण्याच्या १६८ पूर्ण फेऱ्या कांहींही काम न करितां खर्च होतात. लिथियम-आयन बॅटरीचें आयुष्य अशा कांहींशें फेऱ्यांचेंच असतें. शिवाय ती वारंवार तळास जाणें आणि तापणें हीं दोन्हीं तिला मानवत नाहींत. कापडी पिशवींत घट्ट बसविलेला लॅपटॉप प्रवासांत मध्येंच जागा झाला तर ती ऊब बाहेर जावयास वाट नसते. म्हणून पिशवींत घालण्यापूर्वीं तरी हायबरनेट किंवा बंद करण्याचा कंटाळा करूं नये.

किरकोळ गोष्टी दोन-तीनच. ‘तिरकी रेघ, लास्टवेक’ ही आज्ञा यंत्रास शेवटीं कोणी उठविलें तें सांगते. बिनतारी माऊस मेजावर हलला म्हणूनही कित्येक यंत्रें उठतात. डिव्हाइस मॅनेजरमध्यें त्या माऊसच्या पॉवर मॅनेजमेंटांत यंत्र उठविण्याची परवानगी काढून घ्यावी. कांहीं लॅपटॉपांत झाकण मिटल्यावरही यूएसबीच्या तोंडांतून फोन भरण्याची सोय असते. ती बायोसमधून बंद करितां येते. विंडोजच्या नोंदवहींत फेरफार करून एस-तीन परत आणण्याची युक्ति पुष्कळजण सांगतात. परंतु कारखान्यानेंच ती अवस्था दिली नसेल तर त्या युक्तीचा उपयोग नाहीं, आणि झोंपलेलें यंत्र पुन्हां न उठण्याचा धोका मात्र आहे. आम्हीं तिच्या वाटेस गेलों नाहीं. ज्यांच्याकडे ॲपलचा लॅपटॉप आहे त्यांनीं सेटिंग्जमधील बॅटरीच्या पर्यायांत ‘वेक फॉर नेटवर्क ॲक्सेस’ हें केवळ वायर लावलेली असतांनाच चालेल असें ठेवावें. तेथील रात्रीची नोंद पाहावयाची तर टर्मिनलमध्यें ‘पीएमसेट’, एक जागा, आडवी रेघ व तिला लागून ‘जी’, पुन्हां एक जागा आणि ‘लॉग’ ही आज्ञा आहे.

नव्या व्यवस्थेच्या पहिल्या रात्रीं लॅपटॉप पुन्हां दिवाणखान्यांतील मेजावर गेला. कपाटाची किल्ली अण्णांनीं आपण होऊन खुंटीस लावली. मिटतेवेळीं बॅटरी ७९ होती, आणि तो आंकडा त्यांनीं पंचांगाच्या कडेस लिहून ठेविला. सकाळीं सहा वाजतां आम्ही बाहेर आलों तों अण्णा मेजाशीं उभे होते. त्यांनीं झाकण उघडून बटण दाबलें, आणि पडदा उजळेपर्यंत मोठ्यानें वीस आंकडे मोजले. ७९ च होती. पुतण्या अजून निजलेला होता.